कोणतं दार कधी बंद होतं? शाळेच्या शेवटच्या चार वर्षांतलं करिअर-नियोजन

'मोठेपणी कोण व्हायचंय?' हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला कौतुकानं विचारतात आणि पंधरा वर्षांच्या मुलाला दरडावून. उत्तरावर विसंबून राहता येत नाही, हे मात्र दोन्ही वेळा सारखंच. पंधराव्या वर्षापर्यंत मुलांनी जवळून पाहिलेले व्यवसाय फार तर सात-आठ असतात: घरच्यांचे, शिक्षकाचा, डॉक्टरचा आणि पडद्यावर दिसणारे दोन-चार. एवढ्या शिदोरीवर पुढच्या चाळीस वर्षांचं काम ठरवता येत नाही, आणि त्या वयात ते ठरवण्याची गरजही नसते. तेव्हा खरोखर ठरतं ते इतकंच: पुढच्या कोणत्या अभ्यासक्रमांना आपण पात्र राहणार, आणि कोणत्या अभ्यासक्रमांची दारं आपल्याच विषयनिवडीनं बंद होणार. हा प्रश्न लहान आहे, त्याचं उत्तर शोधता येतं, आणि चांगला शालेय सल्लागार बहुतेक वेळ याच प्रश्नावर खर्च करतो.

उलटीकडून सुरुवात

नियोजन आजच्या इयत्तेपासून पुढे करत गेलं की फसतं. ते प्रवेशाच्या दिवसापासून मागे करत यावं लागतं. एकमेकांपासून बऱ्यापैकी लांबचे तीन अभ्यासक्रम निवडावेत, उदाहरणार्थ स्थापत्य अभियांत्रिकी, मानसशास्त्र आणि उत्पादन-डिझाइन. हे तीन 'आवडते' असलेच पाहिजेत असं नाही, 'नको म्हणवत नाही' एवढं पुरे. मग प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी एका कागदावर उतरवून घ्याव्यात. कोणते विषय सक्तीचे, त्या विषयांत स्वतंत्रपणे किती गुण लागतात, एकूण टक्के किती, प्रवेश परीक्षा कोणती आणि तिचा अभ्यासक्रम कोणत्या इयत्तेचा, कामाचे नमुने मागतात का, शारीरिक निकष आहेत का, वयाची किंवा भाषेची अट आहे का, आणि अर्ज केव्हा बंद होतो.

हा कागद भरताना चुका ठरलेल्या जागी होतात. 'एकूण 60 टक्के' आणि 'तीन मुख्य विषय मिळून 60 टक्के' या वेगळ्या अटी आहेत. भाषा आणि इतर विषयांनी वर खेचलेली बेरीज दुसऱ्या अटीत उपयोगाची नसते. 'गणित विषय असावा' आणि 'वरच्या स्तराचं गणित असावं' यांतही फरक आहे. अनेक शिक्षणपद्धतींत गणिताचे दोन स्तर असतात, गुणपत्रिकेवर दोन्हींच्या नावात 'गणित' हा शब्द असतो, आणि सोपा स्तर घेतलेल्या मुलाला तो चालत नसल्याचं कळतं ते थेट अर्जाच्या वेळी. तिसरी चूक जुन्या माहितीपत्रकाची. अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ती कुठे वाचली आणि कोणत्या तारखेला वाचली हे लिहावं. 'चालतं म्हणे' या दोन शब्दांवर वर्ष गेल्याची उदाहरणं कोणत्याही प्रवेश कार्यालयात विचारली तरी मिळतील.

तिन्ही कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: काही विषय तिन्हींत किंवा दोहोंत येतात. हे सामाईक विषय सर्वांत मोलाचे. ते घेतले की निर्णय पुढे ढकलता येतो, आणि निर्णय पुढे ढकलता येणं हीच या वयातली खरी कमाई आहे.

इथे गणिताबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त दारं या एका विषयावर टांगलेली असतात. अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राचं सर्वांना माहीत असतं. पण अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विमागणित, संगणकशास्त्र, बऱ्याच ठिकाणी वास्तुरचना, आणि पुढच्या टप्प्यावर मानसशास्त्राचं संशोधनसुद्धा गणित किंवा संख्याशास्त्र मागतं. शिवाय गणिताची रचना जिन्यासारखी आहे. मधल्या दोन पायऱ्या गाळल्या तर तिसरीवर उडी मारता येत नाही. इतिहासातलं एक शतक राहिलं तरी पुढचं वाचता येतं, पण बीजगणित कच्चं असेल तर कलनाचं पहिलं पानही उलगडत नाही. म्हणून गणिताकडून इतर विषयांकडे वळणं तुलनेनं सोपं असतं, आणि दोन वर्षांच्या खंडानंतर गणिताकडे परत येणं फार जड जातं. याचा अर्थ प्रत्येकानं गणित रेटावं असा मुळीच नाही. ते सोडायचं असेल तर त्यासोबत काय काय सुटतं याची यादी समोर ठेवून सोडावं. एका वाईट चाचणीनंतरच्या संध्याकाळी सोडू नये.

शारीरिक निकषांचा रकाना बहुतेक जण रिकामाच ठेवतात. लाल-हिरव्या रंगांत फरक न कळणं हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्यांकडे ते गुणसूत्र एकच असतं. वैमानिक, जहाजावरचा नौकानयन अधिकारी, रेल्वेचालक अशा कामांत रंगदृष्टीची तपासणी असते. ज्याला हा दोष आहे त्याला तो अनेकदा माहीतच नसतो, कारण त्यानं जग तसंच पाहिलेलं असतं. ठिपक्यांच्या आकड्यांची ती चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. या क्षेत्रांचा विचार असेल तर ती चौदाव्या वर्षीच करून घ्यावी. दोन वर्षांच्या तयारीनंतर वैद्यकीय तपासणीत हे कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

कलचाचणीचा निकाल वाचायचा कसा

करिअर-मार्गदर्शन हा संघटित व्यवसाय म्हणून साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात यासाठी एक केंद्र सुरू केलं. त्यांची मांडणी तीन भागांची होती: स्वतःची नीट ओळख, कामांची नीट माहिती, आणि या दोहोंचा सुसंगत मेळ. आज पहिल्या भागावर चाचण्यांचा ढीग आहे, तिसऱ्यावर भाषणांचा, आणि दुसरा भाग उपाशी आहे.

आवडीच्या चाचण्यांपैकी बऱ्याचशा मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 पासून विकसित केलेल्या सहा गटांवर आधारलेल्या असतात: यंत्रं-अवजारं-शेती अशा प्रत्यक्ष वस्तूंशी काम, शोधक-अभ्यासू काम, कलात्मक काम, माणसांना मदत करण्याचं वा शिकवण्याचं काम, लोकांना पटवण्याचं आणि पुढाकाराचं काम, आणि नोंदी-हिशेब-शिस्तीचं काम. हे सहा गट याच क्रमानं षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडतात. शेजारचे गट एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे सर्वांत लांबचे. निकालात सर्वांत वरचे दोन गट शेजारचे आले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट असतं. समोरासमोरचे आले, समजा कलात्मक आणि हिशेबी, तर मुलाला दोन वेगळ्या गोष्टी आवडतात किंवा त्यानं उत्तरं घाईत दिलीत. यातलं कोणतं खरं, हे त्याच्याशी बोलूनच कळतं.

ही चाचणी आवड मोजते, कुवत मोजत नाही. शोधक गटात वरचे गुण म्हणजे विज्ञान जमेल असं नव्हे. कुवतीच्या चाचण्या वेगळ्या असतात, आणि त्यांचा आकडा जितका टोकदार दिसतो तितका नसतो. समजा एका चाचणीची सरासरी 100 आहे, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती साधारण किती पसरतात) 15 आहे आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास निकाल किती सारखा येतो, 1 म्हणजे तंतोतंत) 0.90, म्हणजे चांगल्यापैकी. अशा चाचणीत मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मापाच्या चुकीमुळे गुण साधारण किती खाली-वर होतात तो आकडा, सुमारे 4.7 येते. एखाद्या मुलीला 105 गुण मिळाले तर तिचा खरा आकडा साधारण 100 ते 110 यांच्या मध्ये कुठेतरी आहे असं म्हणता येतं, आणि तेही तीनपैकी दोनच वेळा बरोबर ठरणारं. पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या किती जणांच्या पुढे, याच्या) भाषेत हा पट्टा जवळपास 50 ते 75 इतका रुंद होतो. म्हणजे अहवालात 'शाब्दिक 63, आकडेमोड 55' असे पर्सेंटाइल छापलेले पाहून 'मुलगी भाषेची आहे, गणिताची नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे मापाच्या चुकीलाच कौल मानणं. 20 आणि 85 असा फरक असेल तर बोलावं.

अहवालातलं वर्णन 'अगदी आमच्या मुलासारखंच' वाटलं, हा चाचणी खरी असल्याचा पुरावा नव्हे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं 'खास तुमचं' असं वर्णन वाटलं आणि ते किती जुळतं याला 5 पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी 4.26 आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं. 'तुमच्यात सुप्त क्षमता आहे, पण तिचा पुरेपूर वापर झालेला नाही' हे वाक्य कोणाला लागू पडत नाही? बोटांच्या ठशांवरून कल सांगणाऱ्या महागड्या अहवालांना तर शास्त्रीय आधारच नाही.

चाचणीचा सर्वांत चांगला उपयोग बोलणं सुरू करण्यासाठी होतो. निकाल हातात घेऊन मुलाला विचारावं: यातलं कोणतं वाक्य साफ चूक वाटतं? त्या उत्तरातून अख्ख्या अहवालापेक्षा जास्त कळतं.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: कोणत्या कामांचा तू कधी विचारच केला नाहीस, आणि का? मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मुलं पर्याय निवडण्याच्या खूप आधी पर्याय खोडतात. सहा ते आठ वर्षांच्या वयात 'हे मुलींचं, हे मुलग्यांचं' या कारणानं, आणि नऊ ते तेराच्या दरम्यान 'हे हलकं, हे प्रतिष्ठेचं' या कारणानं. खोडलेलं परत तपासायची सवय कोणाला नसते. त्यामुळे पंधराव्या वर्षी मुलगी जी 'आवड' सांगते ती उरलेल्या यादीतली असते. सल्लागाराचं निम्मं काम ही खोडलेली यादी पुन्हा टेबलावर आणण्याचं आहे.

काम पाहायचं, कामाची जाहिरात नव्हे

एखाद्या व्यवसायातल्या माणसाशी वीस मिनिटं बोलणं हा आठवडाभर व्हिडिओ पाहण्यापेक्षा भरवशाचा मार्ग आहे, फक्त प्रश्न नेमके हवेत. 'तुमचं काम कसं आहे?' याला सगळे 'छान आहे, पण मेहनत लागते' एवढंच उत्तर देतात. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?' असं विचारलं की खरं चित्र येतं. वास्तुरचनाकाराचा मंगळवार नकाशांच्या दुरुस्त्या, परवानग्यांची कागदपत्रं आणि ठेकेदाराशी वाद यात गेलेला असू शकतो. वकिलाचा वाचण्यात आणि वाट पाहण्यात. पुढचे प्रश्न: आठवड्यातले किती तास एकट्यानं आणि किती लोकांसोबत जातात? सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता, आणि तो टाळता येतो का? पहिल्या तीन वर्षांत काय करावं लागलं? आज सोळा वर्षांचे असता तर काय शिकला असता?

इथे एक फट राहते. त्या व्यवसायात टिकलेलीच माणसं भेटतात, आणि टिकलेल्यांना ते काम मानवलेलं असतं. तेव्हा तेच शिक्षण घेऊन बाहेर पडलेला निदान एक जण शोधून त्याच्याशी बोलावं. एखादा दिवस कामाच्या ठिकाणी बसायला मिळाला तरी तो पाहुण्यासाठी सजवलेला दिवस असण्याची शक्यता धरावी. दोन अर्धे दिवस, वेगवेगळ्या आठवड्यांत, हे एका पूर्ण दिवसापेक्षा बरं.

यापेक्षाही पक्की कसोटी म्हणजे त्या कामाचा छोटा नमुना स्वतः करून पाहणं. दहा ते पंधरा तास पुरतात. प्रोग्रॅमिंग आवडतं म्हणणाऱ्यानं आपल्याच उपयोगाचा लहानसा प्रोग्रॅम लिहावा आणि तो बिघडल्यावर दुरुस्त करावा. पत्रकारिता म्हणणारीनं एका विषयावर तीन माणसांशी बोलून सहाशे शब्द लिहावेत आणि कोणाकडून तरी ते चारशेवर आणून घ्यावेत. लक्ष ठेवायचं ते कंटाळवाण्या भागावर. प्रोग्रॅममधली चूक शोधताना दोन तास कसे गेले हे ज्याला कळलं नाही, त्याच्याबद्दल काहीतरी कळलं. 'आयडिया' सुचवायला तर सगळ्यांनाच आवडतं.

168 तास

योजना कोसळते ती बहुतेकदा वेळेच्या हिशेबात. आठवड्याचे 168 तास. 13 ते 18 वयासाठी 8 ते 10 तास झोपेची शिफारस आहे. 9 धरले तर 63 गेले. शाळा आणि येण्याजाण्याचे 45. जेवणखाण, आंघोळ, घरकाम यांचे रोज 3 म्हणजे 21. उरले 39. यात खेळ, मित्र, आजारपण आणि नुसतं बसून राहणं या सगळ्यांना जागा हवी. त्यासाठी 15 ठेवले तर स्वतःच्या अभ्यासाला आणि शिकवणीला मिळून 24 तास उरतात. शिकवणीच 18 तासांची लावली तर तिथे शिकवलेलं पचवायला आठवड्याला 6 तास, म्हणजे दिवसाला तासभरही नाही. मग तूट झोपेतून भरली जाते, वर्गात लक्ष लागत नाही, गुण घसरतात, आणि उपाय म्हणून आणखी एक शिकवणी लावली जाते. हे चक्र थांबवायचं तर नवीन काहीही सुरू करताना 'यासाठी काय बंद करणार?' याचं उत्तर आधी लिहून घ्यावं.

गुणपत्रिका वाचतानाही बेरीज बाजूला ठेवावी. तीन वर्षांचे विषयवार गुण एका ओळीत मांडले की कल दिसतो. घसरण एकाच वर्षात आणि एकाच विषयात असेल तर शिक्षक बदलले का, वर्ग बदलला का, हे आधी पाहावं. तोंडी आणि प्रात्यक्षिकात चांगले गुण पण लेखीत कमी असतील तर प्रश्न विषयाचा नसून लिहिण्याच्या वेगाचा, किंवा क्वचित वाचनातल्या अडचणीचा असू शकतो. चष्म्याचा नंबरसुद्धा असू शकतो.

अर्ज, शिफारस आणि पसंतीक्रम

शिफारसपत्र मागायचं तर मुदतीच्या किमान चार-सहा आठवडे आधी. सोबत एक पान द्यावं: कोणता अभ्यासक्रम, मुदत कधी, आणि त्या शिक्षकांच्या वर्गात केलेल्या दोन-तीन ठोस गोष्टी. हे पान नसलं की पत्रात 'मेहनती आणि नम्र' उतरतं, आणि असं पत्र वाचणाऱ्यानं त्या दिवशी तसली पन्नास वाचलेली असतात. स्वतःच्या परिचयपत्रालाही तोच नियम. 'नेतृत्वगुण' लिहिण्याऐवजी '12 जणांच्या गटाची तालीम आठ आठवडे चालवली' असं लिहावं. सोळाव्या वर्षी एक पान पुरतं.

पसंतीक्रमाबद्दल मात्र घराघरांत चुकीच्या क्लृप्त्या चालतात. 'अवघड कॉलेज वर टाकलं तर खालचंही हातचं जाईल' ही भीती कधी खरी असते आणि कधी खोटी, आणि ते जागा वाटण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. काही पद्धतींत पहिली पसंती देणाऱ्यांना आधी जागा देतात, मग दुसरी देणाऱ्यांना. तिथे पहिली पसंती फुकट घालवली तर खरंच नुकसान होतं. बोस्टनच्या शाळांमध्ये हीच पद्धत होती आणि 2005 मध्ये ती याच कारणानं बदलली. त्याजागी आलेल्या पद्धतीचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांच्या 1962 च्या गणितात आहे. तीत प्रत्येक जागेसाठी केवळ गुणवत्ताक्रम पाहिला जातो, तुम्ही तिला कितव्या क्रमांकावर ठेवलं होतं हे पाहिलं जात नाही. गुणवत्ता यादीनं एकेकाला बोलावून उरलेल्यांतली सर्वांत वरची पसंती देण्याच्या साध्या पद्धतीलाही हेच लागू. या दोन्हींत खरी आवड त्याच क्रमानं लिहिणं सर्वांत फायद्याचं. हुशारी केली तर तोटा फक्त आपला.

अडचण येते ती यादी लहान असते तेव्हा. पाचच नावं लिहिता येत असतील आणि पाचही आवाक्याबाहेरची असतील तर हाती काहीच लागत नाही. म्हणून क्रम आवडीचाच ठेवून नावांत मेळ साधावा: दोन उंच उडीची, दोन आपल्या गुणांच्या आसपासची, एक जवळपास खात्रीचं. आणि खात्रीचं म्हणजे मिळालं तर खरोखर जाऊ असं. फेऱ्या अनेक असतील तर पहिल्या फेरीत मिळालेली जागा स्वीकारल्यावर पुढच्या फेरीत राहता येतं का, आणि नाकारली तर काय होतं, हे दोन नियम अर्ज भरण्याआधी शब्दशः वाचावेत. घाईत दाबलेलं 'स्वीकार' हे बटण मागे घेता येतं की नाही हेही.

जागा न मिळाल्यास पुन्हा वर्षभर तयारी करावी का, याचा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नये. आधी गेलेले गुण तीन ढिगांत वाटावेत: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, येत होतं पण चुकलं. दुसरा आणि तिसरा ढीग मोठा असेल तर सरावानं फरक पडण्यासारखा आहे. पहिला मोठा असेल तर शेवटच्या पाच सराव परीक्षांचे गुण पाहावेत. ते चढते होते तर अभ्यास वाटेवर होता, वेळ कमी पडला. वर्षभर एकाच पातळीवर अडकलेले होते तर तोच अभ्यास तसाच आणखी बारा महिने केल्यानं वेगळा आकडा येण्याचं कारण नाही, आणि उलटीकडून भरलेल्या त्या तीन कागदांपैकी दुसरा काढून त्याच्या मुदतीची तारीख पाहायला हवी.